कडूकंद चाखणारी जीभ

कडूकंद खायचा तर घरात एक खात्रीची जीभ लागते. शहरातल्या माणसांना हे सांगितलं की ती हसतात. हसा बापडे! कंद विषारी असतो. तो सोलायचा, पातळ चकत्या करायच्या, राख घालून उकडायच्या आणि टोपलीत भरून वाहत्या ओढ्यात ठेवायच्या. पाण्यानं कडूपणा धुऊन नेला की मीठ लावून काय गोड लागतो! पण कडूपणा खरंच गेला का, हे बघून कळत नाही. म्हणून घरातली जाणती बाई एक चकती जिभेवर ठेवते, जराशी चावते, थुंकते आणि थांबते. ती "गोड झाला" म्हणाली की मगच घर जेवतं. तिच्या आधी कुणी तोंड लावायचं नाही आणि तिच्यानंतर कुणी शंका काढायची नाही.

सूर्यमाळच्या आमच्या घरात ती बाई म्हणजे माझी सासू. मी साखरशेतची. लग्न होऊन आले त्या वर्षी तिनं मला सांगून टाकलं, "चूल तू बघ. कांद मी बघीन." मी काही गरीब गाय नाही, दोन शब्द ऐकले तर चार ऐकवते. पण कंदाच्या बाबतीत मी तिच्यापुढे मुकाट बसायचे. तिची जीभ कधी चुकली नव्हती. पाड्यातल्या बायासुद्धा अडल्या की चकत्या घेऊन तिच्याकडे यायच्या.

करोनाच्या दुसऱ्या वर्षीचा पावसाळा होता. नवरा भिवंडीला गोदामात कामाला, तिकडेच अडकलेला. घरात सासू, मी आणि माझी चार वर्षांची पोरगी. आधी मला ताप आला. उतरला म्हणून चुलीशी बसले, लसूण ठेचला आणि वासच आला नाही. पाकळी नाकाला लावली. चावली. कागद चावावा तशी. 

सासूला सांगितलं तर तिनं आधी दार लोटून घेतलं. "माझ्याजवळ बोललीस ते बोललीस. आशाताईपुढं तोंड उघडू नको."

आशाताई म्हणजे सरकारी दवाखान्याच्या कामाला पाड्यात फिरणारी. बाई चांगली, पावसापाण्यात चिखल तुडवत यायची. दारात लांब उभी राहून विचारायची, "वास येतो का? चव लागते का?" नाही म्हटलं की जीप यायची आणि माणसाला जव्हारच्या सेंटरला न्यायची. खालच्या पाड्यातला एकजण असाच गेला आणि त्याचं तोंडही घरच्यांना दिसलं नाही. त्यानंतर आख्ख्या डोंगराला वास यायला लागला! ज्याला त्याला येतोच. मीही म्हणाले, येतो की. खोटं बोलताना वाईट वाटलं, पण मला नेलं असतं तर पोरीजवळ एकटी म्हातारी उरली असती.

मग सासू खोकायला लागली. म्हणे, "भिजले ना, गारवा बाधला." एक दिवस अंथरुणावर पडली आणि दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागली. मला हायसं वाटलं. वेडी मी.

एका दुपारी ती सुके बोंबील भाजायला बसली होती. पोरगी बाहेरून पळत आली, "आजी, जळतंय!" तव्यावर कोळसा झाला होता आणि म्हातारी तव्यापासून हातभर अंतरावर शांत बसलेली. "ध्यान नव्हतं," म्हणाली. संध्याकाळी तिनं केलेली डाळ पोरीनं थुंकली. "खारट! खारट!" सासू तिच्यावरच खेकसली, "लय लाड झालेत हिचे." मी डाळ चाखली. मला काय कळणार, कपाळ!

आठवडी बाजार बंद होता. रेशनचा तांदूळ होता, भाजीची बोंब. एका सकाळी पाऊस उघडला तेव्हा सासू खणायचा काठा घेऊन रानात गेली आणि कंद घेऊन आली. सोलले, चिरले, राखेत उकडले, टोपली ओढ्यात ठेवून वर दगड ठेवला. आजीच्या मागे मागे पोरगी नाचत होती. तिला कंद फार आवडायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूनं टोपली आणली. चकती जिभेवर ठेवली, चावली, थुंकली. "गोड झाला."

मी भांडं घासत होते, माझा हात थांबला. इतक्या वर्षांत पहिल्या पाण्याला कंद गोड झाला असं ती कधी म्हणाली नव्हती. पहिल्या वेळी तिचं तोंड वाकडं व्हायचंच, मग टोपली परत ओढ्यात. या खेपेला भुवईसुद्धा हलली नाही.

सरळ विचारलं असतं तर तिनं मला उभी फाडली असती. म्हणून मी कोरा चहा केला आणि साखरेऐवजी चमचाभर मीठ घातलं. तिनं बशीत ओतला, फुंकला, प्याली. माझ्याकडे बघून म्हणाली, "आज साखर जास्त पडली गं."



"आई, मीठ घातलंय."

तिनं बशी खाली ठेवली.  मग म्हणाली, "तुझी गेली होती. माझीपण गेली म्हटलं असतं तर घरात राहिलं काय?"

मला इतका राग आला! "आणि पोरीनं खाल्लं असतं तर? पोरगी मेली असती म्हणजे?" मी ओरडले. पोरगी कोपऱ्यातून आमच्याकडे बघत होती. टोपली उचलून फेकायला निघाले तर म्हातारीनं काठ धरला. दिवसभर रानात खणलेलं अन्न ती फेकू देईना.

"शेजारी चाखवून आणू," मी म्हणाले.

"काय सांगशील त्यांना? आमच्या जिभा गेल्यात? दोघींना नेतील. पोरीला कोण बघंल?"

 मग ती हळूच पोरीकडे बघत बोलली. "हिची जीभ चांगली हाय. तुकडा ठेव नुसता. लगेच थुकायला सांग."

"खबरदार!" मी पोरीला मागे ओढली. सासूवर हात उचलायचा तेवढा बाकी ठेवला होता. खरं सांगते, क्षणभर माझ्याही मनात तेच येऊन गेलं होतं, म्हणूनच मी इतकी भडकले.

 म्हातारीनं ताटली ओढली, चकत्या घेतल्या, मीठ लावलं आणि खायला लागली. मी हात धरला तर झिडकारला. "जीभ गेली, पोट हाय ना. दुपारपर्यंत बघ. मला काय झालं नाय तर पोरीला दे."

ती दारात भिंतीला टेकून बसली आणि मी तिच्यासमोर. पोरगी सारखी विचारत होती, "आता देशील?" मी म्हणत होते, थांब. पाऊस परत सुरू झाला. म्हातारी मधेच एकदा गळ्यावरून हात फिरवायची आणि मी बघतेय दिसलं की हात खाली घ्यायची. किती हट्टी बाई! मग ती उठायला गेली आणि तिला उठता येईना.

"पोरीला नको देऊ," एवढंच म्हणाली आणि ओकायला लागली.

आशाताईला बोलवायला मी चिखलातून धावत गेले. सगळं सांगून टाकलं, जिभेचं, तापाचं, कंदाचं. जीप आली, म्हातारीला घेऊन गेली; माझा ताप कधीच उतरला होता, म्हणून मला पोरीजवळ घरातच राहायला सांगितलं. म्हातारी वाचली, हे आत्ताच सांगते. पुष्कळ दिवसांनी परत आली, निम्मी होऊन. पण त्या दिवशी जीप वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला वाटलं, संपलं, आता हिचं तोंड दिसायचं नाही. मी दारात बसून मोठ्यानं रडले.

मग टोपली ओढ्यात रिकामी केली. भात टाकला, डाळ केली. मीठ अंदाजानं घातलं, पोरगी सांगेलच कमीजास्त. ती दिवसभराची उपाशी, भराभर जेवत होती.

"मीठ बरं झालंय का गं?"

तिनं घास चावला, गिळला, परत एक खाल्ला. माझ्याकडे बघितलं. "आई, डाळ कशीच लागत नाही."

मी ताटातलं मीठ चिमटीत घेतलं, तिच्या जिभेवर ठेवलं. ती माझ्याकडे बघत राहिली, तोंडसुद्धा वाकडं केलं नाही.

सकाळी तिच्या जिभेवर कंदाचा तुकडा ठेवला असता, तर तीही गोडच म्हणाली असती.