पालकाच्या साच्यातलं शेवाळ

घरमालकीण काकूंच्या वरच्या खोलीत मी तीन वर्षं भाड्याने राहिले आणि शेवाळावर संशोधन केलं. शेवाळाला एकदाही हात न लावता. एकपेशीय शेवाळ उन्हावर आपलं अन्न तयार करतं, त्याला लागणाऱ्या एका एन्झाइमचा आकार मी संगणकावर बांधत होते. खाली काकू दर रविवारी काथ्याने पाण्याची टाकी घासायच्या. हिरवं पाणी अंगणभर व्हायचं आणि मी चपला सांभाळत ते ओलांडून वर जायचे, शेवाळाचा अभ्यास करायला.

बांधणं तरी कसलं? पालकाच्या भाजीतल्या त्याच एन्झाइमचा आकार आयता मिळत होता. त्याच साच्यावर माझं शेवाळ बसवायचं, की झालं. सगळं बसलं, एन्झाइमच्या साखळीतला एक वळसा तेवढा बसेना. तो पालकात नव्हताच, शेवाळाचा स्वतःचा होता. तो ठेवला की प्रोग्राम हात आखडून गुण द्यायचा, कापला की भरभरून. माझ्या मार्गदर्शक सरांनी चष्मा कपाळावर चढवून निकाल दिला, "काढून टाका. चित्र कसं स्वच्छ दिसतं बघा." त्यांच्या सहीवर माझी पीएचडी अडलेली. मी वळसा काढून टाकला.

एकदा काकू चहा घेऊन वर आल्या. पडद्यावर आधीचं आणि नंतरचं, अशी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी होती.

"ह्यातला ह्यो तुकडा कुटं गेला?"

"साच्यात बसत नव्हता, काढला."

काकूंनी कप टेबलावर ठेवला. "मोजणीवालाबी असंच म्हनला व्हता. आमची हीर त्याच्या नकाशात दिसंना, तर म्हनला, हितं हीर न्हाईच. काठावर हुबा ऱ्हाऊन म्हनला. आन् जाताना तिचंच पानी पिऊन गेला."

मला लाज वाटली. अगदी मनापासून, दोन दिवस वाटली. तिसऱ्या दिवशी सरांची सही झाली.

पदवी मिळाल्यावर पेढे घेऊन काकूंकडे गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला, विहिरीच्या पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला आणि विचारलं, "त्यो तुकडा परत लावलास का गं?"

तहान अजिबात नव्हती. तरी तांब्या रिकामा होईपर्यंत मी पीत राहिले.