वडगावच्या दाराची खालची पट्टी

वडगावच्या त्या दाराचा दोष आप्पांचा नव्हता, माझा होता. हे मी आता लिहूनच ठेवणार आहे.

आप्पा म्हणजे माझे मिस्त्री. त्यांच्या हाताखाली मी बेळगावात सुतारकाम करायचो. दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. सागवान मिळत नव्हतं, आणि छावणीतलं जुनं सामान लिलावात निघत होतं. त्यात प्लायवूडचे तक्ते आले. वडगावचे एक विणकर अण्णा घराला नवं दार करून घेणार होते. हे प्लायवूड म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. आप्पांनी सांगितलं, की लाकडाचे पातळ पदर, एक उभा तर एक आडवा, सरसानं एकमेकांवर चिकटवतात. इंग्रजीत प्लाय म्हणजे तो पदर. मग हे आमच्या दुपदरी सुताचंच भावंड, असं म्हणून अण्णा हसले आणि दाराला तेच घालायला सांगितलं.

मधेच आप्पांना गावी जावं लागलं. जाताना त्यांनी सागवानाची वीतभर रुंद पट्टी रंधा मारून ठेवली. मला म्हणाले, "दाराच्या खालच्या अंगाला ही घाल. बायका रोज उंबऱ्यापाशी सडा टाकत्यात. तक्त्याची कड पाणी पिईल रं."

मी पट्टी घातली नाही, आणि आप्पा परतायच्या आत दार बसवूनही टाकलं. वरपासून खालपर्यंत एकसंध तक्ता मला देखणा वाटत होता, आणि म्हाताऱ्याला नव्या मालातलं काय कळतंय, असंही वाटलं.

पावसाळा संपायच्या आत खालची कड फुगली आणि पदर सुटले. बोट घालून ते उचकटता येत होते. अण्णांनी मला विचारलं, "खाली लाकूड का घातलं न्हाय?"

"आप्पांनीच नको म्हटलं," मी सांगून मोकळा झालो.

पुढं बाजारात अण्णांनी आप्पांना चारचौघांत गाठलं. "आप्पा, पुढच्या खेपेला कागदाचंच दार करा. सडा टाकायच्या आधी घडी घालून आत ठेवू."

आप्पांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. दार परत करून देतो."

तसं त्यांनी करून दिलंही. पण वडगावची कामं त्यांच्याकडं येईनाशी झाली. ती माझ्याकडं आली आणि मी ती घेतली. आप्पांनी मला कधी जाब विचारला नाही. आज ते नाहीत, तरी फुगलेलं दार दिसलं की इथले जुने सुतार अजून त्यांचं नाव घेतात.

येत्या विश्वकर्मा पूजेला सगळे सुतार जमतील, तेव्हा हा कागद मी स्वतः उभा राहून वाचणार आहे. मुलगा म्हणतो, इतक्या वर्षांनी तुमचीच अब्रू जाईल. जाऊ दे. आप्पांच्या नातवाला पुढं बसवायला मी सांगून ठेवलंय.