आयनाबाईंचा तास

बालवाडीच्या बाईला घरी कोणी ‘आज काय झालं?’ असं विचारू नये. जेवण थंड होतं. आमच्या घरी आता कोणी विचारत नाही, मीच आपणहून सांगते. त्यातून गेल्या वर्षी आमच्याकडे फिनलंडच्या एक बाई आल्या आणि माझ्याजवळचे किस्से दुप्पट झाले.

त्यांचं नाव आयनो. त्यांचे यजमान समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करायला वर्षभरासाठी रत्नागिरीत आलेले. आयनो तिकडे लहान मुलांना गाणं शिकवायच्या. इथे घरी बसून कंटाळल्या आणि एक दिवस बंदराकडच्या आमच्या बालवाडीत येऊन म्हणाल्या, “मी मदत करू का?” इंग्रजीतून. माझं इंग्रजी जेमतेम, त्यांचंही फार नाही, त्यामुळे आमचं जमलं.

मुलांनी पहिल्याच दिवशी त्यांची आयनाबाई केली. त्यांनी पाच तारांचं एक लाकडी वाद्य मांडीवर घेतलं. तार छेडणार, इतक्यात पुढ्यात बसलेल्या स्वरानं विचारलं, “बाई, ह्याच्यावर नारळ खवतात?”

मी ते इंग्रजीत सांगितलं. आयनोंनी वाद्य उलटसुलट करून पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, “आजवर नाही.”

*

त्यांचं एक गाणं बर्फाचं होतं. अर्थ सांगायचं काम माझं. मी म्हटलं, “तिकडे घरांवर, झाडांवर, रस्त्यावर, सगळीकडे बर्फ असतो. आपल्या फ्रीजमध्ये असतो ना, तसा.”

विराजनं वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “म्हणजे तिकडे लाईट कधी जातच नाय?”

*

तासाच्या सुरुवातीला डोळे मिटून गप्प बसायचं आणि काय ऐकू येतं ते सांगायचं, ही त्यांची पद्धत. मुलं कशीबशी गप्प झाली, तोच रस्त्यावरून हाक आली, “बांगडेऽऽ, ताजे बांगडेऽऽ!” सगळी डोकी खिडकीत. मी ओशाळले. आयनो मात्र खूश. त्यांनी तो सूर वाद्यावर काढला आणि मुलांचे दोन गट केले. एकानं हाक द्यायची, दुसऱ्यानं भाव विचारायचा. आठवडाभर तेच.

सोमवारी विराजची आई दारात. “बाई, फॉरेनच्या मॅडम शिकवतात म्हणून मी बिल्डिंगभर सांगितलं. आणि हा गॅलरीत उभा राहून बांगडे विकतो.”

मी हळूच विचारलं, “सूर कसा लावतो?”

“सूर बरा आहे. खालच्या वहिनी पिशवी घेऊन वर आल्या.”

*

हा किस्सा माझा आहे, आणि सांगायला मला जरा जड जातो. मी वीस वर्षं पेटी वाजवून मुलांकडून गाणी म्हणून घेते. एक दिवस आयनो म्हणाल्या, “तुमची पेटी फार छान गाते. म्हणून मुलं गात नाहीत.”

दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी, त्यांची चूक दाखवावी म्हणून, पेटी बंद ठेवली. निम्मी मुलं नुसते ओठ हलवत होती. वीस वर्षांत मला ते कळलं नव्हतं. तास संपल्यावर मी आयनोंना विचारलं, “आता काय करायचं?”

“वाट बघायची,” त्या म्हणाल्या, आणि दोघींसाठी चहा ओतला.

*

जाण्याआधीच्या महिन्यात त्यांनी सांगितलं, प्रत्येक घरातून एकानं यायचं आणि मुलाला झोपवताना जे म्हणतात ते वर्गात म्हणून दाखवायचं. आया आल्या, आज्या आल्या. स्वराचे बाबा आले. हातखंब्याला त्यांचं गॅरेज आहे, तिथून तसेच आलेले, हाताला ग्रीस. स्वराची आई मुंबईत एका हॉस्पिटलात नोकरीला. सणाला येते, एरवी घरी दोघंच.

“बाई, मला गाणं नाय येत,” ते उभ्या उभ्याच म्हणाले.

“मग स्वराला झोपवता कसे?”

ते लाजले. “ट्रक चालवतो. तोंडानं.”

आयनोंनी त्यांना सतरंजीवर बसायची खूण केली. स्वरा त्यांच्या मांडीवर आडवी झाली. त्यांनी डोळे मिटले आणि गळ्यातून बारीक घरघर काढली. पहिला गिअर, दुसरा. आवाज खालून हळूहळू वर चढला आणि एका जागी स्थिर झाला. मधेच ते हायवेवरच्या गावाचं नाव पुटपुटत, “निवळी आली.” वळण आलं की आवाज उतरे, पुन्हा चढे. “बावनदी.” एकेक पोर सतरंजीवर आडवं झालं. आयनो वाद्य बाजूला ठेवून ऐकत होत्या.

“संगमेश्वर,” ते म्हणाले आणि थांबले. मला हळूच म्हणाले, “ह्याच्यापुढे कधी जावं लागत नाय, बाई. इथवर ती झोपते.”

स्वराचे डोळे टक्क उघडे होते.

“बाबा, थांबलास कशाला?” ती म्हणाली. “मुंबई अजून आली नाय.”