राहून गेलेला मारवा

माझ्या थोरल्या बहिणीला घरात सगळे अक्काच म्हणायचे. बेळगावात ती बारा वर्षं गुरुजींकडे गाणं शिकली. जोडीला चित्रकलेचा डिप्लोमाही केला, कारण नुसत्या गाण्यावर नोकरी लागत नाही असं वडिलांचं मत होतं. ते खरं ठरलं. बेंगळूरला चामराजपेटेतल्या एका शाळेला गाण्याची नव्हे, चित्रकलेची शिक्षिका हवी होती. अक्का तिथं रुजू झाली ती अठ्ठावीस वर्षं राहिली. लग्न तिनं केलं नाही. माझी बारावी झाल्यावर मला आपल्याकडे घेऊन आली आणि माझं इंजिनिअरिंग तिच्या दोन खोल्यांत पार पडलं.

पहाटे ती तंबोरा घेऊन बसायची. मी त्याच खोलीत झोपलेला असायचो. "अक्का, स्वल्प हळू," मी पांघरुणातून कुरकुरायचो आणि ती खरंच आवाज खाली आणायची. सकाळचा तो एकच तास तिचा स्वतःचा होता. नंतर शाळा, दुपारी रंगानं माखलेली बोटं, संध्याकाळी गाणं शिकायला येणाऱ्या चार-पाच मुली. मैफली तिला फारशा मिळाल्या नाहीत. त्याबद्दल ती कधी बोलली नाही आणि मीही कधी विचारलं नाही.

लग्नानंतर मी बेंगळूरमध्येच एचएसआर लेआउटला राहायला गेलो. दर रविवारी तिच्याकडे जेवायला जायचो, मग महिन्यातून एकदा, मग जमेल तसं.

एक दिवस तिच्या गळ्याला गाठ दिसली. थायरॉइडचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, गाठ आवाजाच्या नसेला चिकटलेली आहे, नस वाचवायचा प्रयत्न करू, पण खात्री देता येत नाही. अक्कानं एवढंच विचारलं, "नाही वाचली तर बोलता येईल ना? मला वर्ग घ्यायचे असतात."

गाण्याचं तिनं विचारलं नाही. बाहेर रिक्षाची वाट बघताना मात्र म्हणाली, "ऑपरेशनच्या आधी एकदा संध्याकाळी ये. मारवा गाते, तो रेकॉर्ड करून ठेव. तुझा फोन चांगला आहे."

"रविवारी नक्की येतो," मी म्हणालो.

त्या रविवारी ऑफिसच्या कामाची घाई होती. पुढच्या रविवारी घरी पाहुणे आले. मी फोन करून सांगितलं तर ती म्हणाली, "सरी, ठीक आहे, काम असेल तर राहू दे." तिनं पुन्हा आठवण केली नाही. बुधवारी ती अॅडमिट झाली.

नस वाचली नाही. अक्काला वर्षं मिळाली, दोन, पण आवाज गेला. उरली ती कुजबुज. मुली एकेक करून यायच्या थांबल्या. एकच येत राहिली. तिला अक्का हातानं शिकवायची: तळवा वर गेला की सूर चढा, बोट थरथरलं की तिथं थांबू नको.

एकदा मी गेलो तेव्हा ती मुलगी मारवाच गात होती. अक्का ऐकता ऐकता मधेच उठून स्वयंपाकघरात गेली. मी मागून गेलो. ती ओट्याला धरून उभी होती.

"दुखतंय का?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. मग मी कान जवळ नेल्यावर म्हणाली, "चांगली गातेय रे. तिच्याबरोबर गावंसं वाटलं, इतकंच."

मला तिची माफी मागायची होती. मी तिला पाण्याचा ग्लास भरून दिला.

पुढे फुप्फुसांत पसरलं. आजार हाताबाहेर जाईपर्यंत ती शाळेत जात राहिली. हॉस्पिटलात एका दुपारी, माझा हात हातात असताना, तिचा श्वास थांबला. माफी मागायची राहिलीच. आदल्या दिवशीही आम्ही डब्यातल्या भाजीत मीठ कमी आहे यावर बोललो होतो.

दिवस झाल्यावर शाळेतून फोन आला, मिसच्या कपाटातलं सामान घेऊन जा म्हणून. मी गेलो तेव्हा चित्रकलेचा तास चालू होता. नवीन शिक्षिका अजून आल्या नव्हत्या. चाळीस मुलं कागदावर वाकलेली होती आणि वर्गात आवाज नव्हता. एकमेकांकडे खोडरबर मागायचं तर तेही कुजबुजत मागत होती. मिसला मोठ्यानं बोलता येत नाही, म्हणून दोन वर्षांत त्यांना ती सवयच लागली होती.

मी ब्रश, चष्मा, रंगांचे डाग पडलेला तिचा एप्रन पिशवीत भरला. पुढच्या बाकावरची एक लहान मुलगी जवळ आली आणि तिनं अगदी हळू आवाजात कन्नडमध्ये विचारलं, "मिस कधी येणार?"

तिला कुणी सांगितलं नसावं. मी खाली बसलो, म्हटलं, "आता नाही येणार, पुट्टी, बाळा."

तिनं मान डोलावली आणि चित्र पुरं करायला परत गेली. तास संपेपर्यंत मी तिथंच, कपाटाशी बसून राहिलो.