लाळेची झेरॉक्स

सॅम्पल घेत हिंडणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. रक्त काढायला लोक बिनबोभाट हात पुढे करतात राव, पण 'डीएनए' म्हटलं की दाराची कडी चाचपतात! मी रहाटणीच्या एका लॅबमध्ये कामाला. हे सगळे किस्से महाळुंग्याच्या एकाच घरातले.

या घरातला दत्तू फौजेत होता. फार वर्षांपूर्वी बर्फाखाली गाडला गेला, देह मिळालाच नाही. आता तिथे काही जवानांचे अवशेष सापडले. त्यात कोण कुणाचा हे ठरवायला नातेवाइकांची सॅम्पल्स हवी होती. एक निवृत्त सुभेदार साहेब कागद घेऊन निघाले आणि मी कापसाच्या कांड्या घेऊन.

*

दत्तूचा पुतण्या बाळासाहेब. शेतात आता कंपन्यांना भाड्याने दिलेल्या शेड, गेटवर चार कॅमेरे. त्याने आधी माझ्या आयकार्डाचा फोटो काढला, मग माझा. मग स्पीकरवर वकिलाला फोन!

"वकीलसाहेब, थुकी दिली तर वारस लागतो का?"

पलीकडून आवाज आला, "कुणाची?"

*

शेवटी तयार झाला. मी गालाच्या आतून कांडी फिरवली, पाकिटात घालून सील केली.

"याची झेरॉक्स द्या," बाळासाहेब म्हणाला.

"लाळेची?"

"मग? वरिजनल तुमी नेणार. माझ्याकडं पुरावा काय?"

*

सुभेदार साहेब म्हणाले, "तुमचं एकट्याचं पुरणार नाही. इतक्या जुन्या हाडांत आईकडून आलेला भागच जास्त टिकतो. तो दत्तूत आणि त्याच्या सख्ख्या बहिणीत सारखा. तुमची आत्या कुठे असते?"

बाळासाहेबाने कप बशीत आपटला. "आत्याचं काय मधीच? तिनं हक्कसोड केलीय!"

आत जाऊन फाइलच घेऊन आला. बापाच्या जमिनीत माझा हक्क नाही, असं आत्याने लिहून दिलेलं. फोटो, अंगठा, शिक्का, सगळं जागच्या जागी.

सुभेदार साहेबांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. "यात जमिनीचे गट नंबर आहेत, बाळासाहेब. भाऊ कुठे सोडलाय?"

*

आत्या रावेतला मुलाकडे राहतात. मुलगा आयटीत. "डेटा कुठे स्टोअर होणार? डिलीट कधी करणार? अ‍ॅक्सेस कुणाला?" तो विचारतोय तोवर आत्या 'आ' करून बसल्या होत्या!

पण संशयात त्याही कमी नव्हत्या. "पितरांना दत्तूचं पान वाढू दिलं न्हाई म्या. मेला म्हणत्यात, पर कुणी दावलाय व्हय? तुमच्या कांडीनं खरं कळंल?"

मी "हो" म्हणालो. इतकी वर्षं हे काम करतोय, पण त्या दिवशी कांडी फिरवून पाकिटावरचं नाव दोनदा तपासलं.

तेवढ्यात बाळासाहेब गाडी घेऊन हजर! "पाकिटावर माझीबी सही पायजे. वाटंत बदललं तर?" घेतली सही. काय करणार!

*

रिपोर्ट आला. जुळलं.

"नीट बघितलं ना? परत बगा," आत्या फोनवर म्हणाल्या. सुभेदार साहेबांनी तीनदा तेच वाचून दाखवलं.

"वाढा म्हणावं आता त्याचं पान," एवढंच म्हणून आत्यांनी फोन ठेवला.

*

तिरंगा पांघरलेली पेटी महाळुंग्याला आली. अंगणात गाव उभं. अधिकाऱ्याने फॉर्म काढला आणि मोठ्याने विचारलं, "वारस कोण?"

अख्खं अंगण बाळासाहेबाकडे बघायला लागलं. मागे वकीलही उभा होता. मला वाटलं, निघाली आता फाइल!

बाळासाहेबाने रुमालाने घाम पुसला. आत्यांचा दंड धरून त्यांना पुढे केलं. म्हणाला, "ही."

आत्यांनी एक हात पेटीवर ठेवला, दुसऱ्या हाताने डोळे पुसले आणि सुभेदार साहेबांकडे वळल्या.

"साहेब, पटकन लिवून घ्या. ह्यो फिरंल!"