फुफ्फुसातली सोयरीक

डॉ. रेहाना मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या या गौरवग्रंथात मोठमोठे प्राध्यापक लिहितील. माझी अक्षराशी ओळख नाही, म्हणून मी सांगते आणि नात सुनीता लिहिते.

मॅडमची पहिली भेट अकोल्याला, जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकाशी झाली. कापसाचे भाव पडले होते, एकेक जिनिंग बंद पडत होती, आणि तिथं राबणाऱ्या आम्हा बायांचा खोकला तेवढा जोरात चालू होता. मॅडम तपासणीसाठी डबी पुढे करून म्हणाल्या, "आजी, खोकून थुंकी द्या."

"बाप्पा! आजवर हे कोणी मागितलं नाही. घ्या मनसोक्त!"

मॅडम पोट धरून हसल्या. पिंजाऱ्याची लेक, कापसाची धूळ त्यांच्याही घरात होती.

पुढे मला अमरावतीला प्रयोगशाळेत नेऊन त्यांनी कॉम्प्युटरवर ठिपक्यांचं, रेषांचं जाळं दाखवलं. "हे प्रोटीन, आजी. कोण कोणाशी जुळते ते पाहून राहिली." मला वाटलं, डाळीचं काही सांगतात. मग उमगलं. "अवो, हे तर सोयरीक! मांडवात एक मामा रुसला का अर्धा मांडव उपाशी उठते."

"तेच! धुळीनं फुफ्फुसात कोणाले डिवचलं, त्याच्यामागं कोण कोण उठलं, ते शोधतो. एकट्याले धरून आजार समजत नाही." तेव्हापासून त्यांचे विद्यार्थी जाळ्यातल्या मोठ्या ठिपक्याला 'मामा' म्हणतात. हा मान माझा!

त्याच वर्षी सुनीताचं चांदूर बाजारला जुळत होतं. कोणीतरी वरमाईच्या कानात घातलं, आजीला टीबी आहे. तपासणीत तसं काही नव्हतं. पण लोकांच्या तोंडाची तपासणी कोण करणार? बोलणी करायला घरी आलेले पाहुणे चहा न घेताच उठायला लागले. सुनीता दाराआड रडत होती. मॅडम त्या दिवशी अकोल्यातच होत्या, निरोप मिळताच स्कूटरवरून आल्या. माझा उष्टा कप उचलून घोट घेतला आणि वरमाईला म्हणाल्या, "हा कापसाच्या धुळीचा खोकला हाये, याची लागण होत नाही. माह्या अब्बालेही होता. मी त्याईच्याच ताटात जेवली."

वरमाई उठता उठता थांबल्या. मग खाली बसत म्हणाल्या, "मले बी टाका घोटभर."

लिहिता लिहिता सुनीता डोळे पुसते आणि अक्षर बिघडवते आहे.

मॅडम, त्या वरमाई आता माझ्या विहीणबाई; त्या आणि मी तेव्हापासून दर सणाला भांडतो. ही सोयरीक तुम्ही जुळवली, तेव्हा आमची समजूत काढायला तरी ठणठणीत राहा आणि शंभरी गाठा.