अब्बांच्या नावावरची धार

बारामतीच्या एका दवाखान्यात माझ्या लघवीचा ग्राफ वडिलांच्या नावानं फायलीला लागला, यात दवाखान्याची काहीही चूक नाही.

आमचं इंदापुरात पाइप आणि मोटारींचं दुकान आहे. 'प्रेशर कमी का येतंय' हे गिऱ्हाइकाला समजावण्यात माझी निम्मी हयात गेली, त्यामुळं हे सांगताना जरा जास्तच लाज वाटते. तर, आमच्या अब्बांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं. ज्यांनी केलं त्या डॉक्टरांचा त्यावर अभ्यास चालू होता. अशा ऑपरेशननं किती फरक पडतो, तो किती टिकतो, असं सगळं. अब्बांनी हौसेनं सही केली. "माझ्यावर डाक्टर लोकं शिकत्यात," असं ते दुकानात येईल त्याला सांगायचे. (येणारा बिचारा पाइपाचा एल्बो घ्यायला आलेला असायचा!)

ऑपरेशन झकास झालं. लघवीची नळी निघाली आणि अब्बांना धारेचा अभिमान चढला. आधी मोरीत तासन्‌तास कण्हणारा हा माणूस आता बाहेर येऊन घरभर बघायचा, कुणी शाबासकी देतंय का म्हणून.

मग फेरतपासणीचं बोलावणं आलं. लघवी तुंबवून यायचं, खुर्चीसारख्या मशीनवर बसून मोकळं व्हायचं आणि कॉम्प्युटर धारेचा ग्राफ काढणार. "येताना अजिबात करून येऊ नका," सिस्टरनी फोनवर बजावलं होतं. अब्बांनी निमगावलाच टेम्पो थांबवला.

"अब्बा, धरून ठिवा की!"

"इतकी वर्सं धरूनच बसलोवतो. आता सोडू दे की लेका!"

लासुर्ण्याला पुन्हा थांबवला. साखर कारखान्याच्या अलीकडं एक बाभळ आवडली म्हणून तिथंही! दवाखान्यात पोचलो तेव्हा अब्बा ठणठणीत कोरडे होते.

"आजोबा, पाणी प्या आणि थांबा," सिस्टर म्हणाल्या.

"थांबतो कशाला? शेळ्यांचा बाजार उठंल!" अब्बांना त्या दिवशी बोकड घ्यायचा होता. तेवढ्यात सिस्टरना फोन आला. "झालं की हाक मारा," म्हणून त्या बाहेर गेल्या. अब्बांनी माझ्याकडं पाहिलं. इंदापूर सोडल्यापासून मी मात्र इमानदारीत धरून बसलो होतो, वर रसवंतीवर दोन ग्लास रसही प्यालो होतो.

"सल्या, तूच जा की आत. बापलेकाची धार काय येगळी असतीया व्हय?"

मला ते पटलं! (पाइपाच्या धंद्यातल्या माणसाला हे पटायला नको होतं.) गेलो, मोकळा झालो, सिस्टरना हाक मारली. उलट मनात म्हटलं, अब्बांचं वय बघता ग्राफ जरा जास्तच चांगला यायचा.

डॉक्टरांनी ग्राफ उजेडात धरून पाहिला. चांगल्या माणसाचा ग्राफ म्हणे टेकडीसारखा वर जाऊन खाली येतो. हा उसाच्या बांधासारखा होता, बुटका आणि लांबच लांब.

"बाबा, आत पुन्हा आवळलेलं दिसतंय. दुर्बीण घालून बघू. वेळ पडली तर तिथंच पुन्हा ऑपरेशन."

"पुन्यांदा नळी?" अब्बा खुर्चीतून उठलेच.

मी तोंड उघडलं. पण 'हा ग्राफ माझा' असं सिस्टरसमोर म्हणायचं होतं. तोंड मिटलं. बोकडाचं तर कुणी नावही काढलं नाही.

घरी अब्बांनी पाणीच सोडलं. "प्यालोच न्हाय तर नळी कशाला लागंल?" मधेच उठून मोरीत जायचे आणि चक्रावून बाहेर यायचे. "धार तर जोरात हाय रं सल्या. पर बापलेकाची धार एकच, आन कंप्यूटर खोटं कसं बोलंल?" नळीच्या धसक्यानं म्हातारा भिंतीकडं तोंड करून झोपायला लागला. मला फार वाईट वाटत होतं, आणि तरी मी गप्प होतो. लाज फार वाईट!

शेवटी माझ्या बायकोनं, रुबिनानं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"अब्बा मशीनवर बसले तवा तुमी कुठं हुता?"

"मशीनवर."

"आन अब्बा?"

"भाईर. बाकड्यावर."

तिनं पळी खाली ठेवली. "म्हंजे ती धार तुमची व्हय! अवो, मग बरोबरच हाय की. तुमी मोरीत गेला की हिकडं माझा चहा टाकून, गाळून, पिऊन हुतोय!"

दुसऱ्या दिवशी तिघं टेम्पोतून निघालो. रुबिनानं कुठंही थांबू दिलं नाही. अब्बा बाभळींकडं बघून हळहळत होते. डॉक्टरांसमोर मी सगळं ओकलो. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"चांगलं झालेलं ऑपरेशन आमच्या अभ्यासात फसलेलं म्हणून गेलं असतं! आणि यांना उगाच दुर्बीण घातली असती. कळतंय का तुम्हाला?"

मला कळत होतं. अब्बांना काही ऐकूच येत नव्हतं, इतकी जोराची लागली होती. "सिस्टरबाई, मशीन कुठाय? लवकर!" म्हणत ते पळाले. ग्राफ आला तो टेकडीसारखा. अब्बा तो बघून लहान पोरासारखे हसले, आणि मग त्यांनी डोळे पुसले.

डॉक्टरांनी जुना ग्राफ माझ्यापुढं सरकवला. "आता हा."

"काढून टाका ना, साहेब."

"अभ्यासातून काढला. तुमच्यातून कसा काढू?"

"मला काही त्रास नाही हो!"

"मोरीला रांग लागती ह्याच्यापायी," अब्बा म्हणाले.

"बाबांसाठी दुर्बिणीची वेळ धरून ठेवलीय," डॉक्टर म्हणाले. "रद्द करायची का..."

"रद्द कशापायी? माझ्या जागी ह्यो मुतला, माझ्या जागी ह्योच झोपंल!"

झोपलो. आत लघवीची वाट आवळलेली निघाली, ती मोकळी केली. इंदापुरात मात्र भलतंच पसरलं, की बापाचं ऑपरेशन पोरानं स्वतःच्या अंगावर घेतलं. लोक शहाळी घेऊन येतात, बायका डोळ्यांना पदर लावून म्हणतात, "असा ल्योक मिळाया नशीब लागतं!" मी लघवीची पिशवी चादरीखाली सारतो आणि नम्रपणे मान डोलावतो.